स्वस्त तिकिटाचे सल्ले

आगगाडीचें तिकीट स्वस्तांत कसें मिळवावें, हा अलीकडे वृत्तपत्रांचा, दूरचित्रवाहिन्यांचा आणि हातांतल्या मोबाईलवर वाचल्या जाणाऱ्या वार्तांचा एक आवडता विषय होऊन बसला आहे. सुट्ट्यांचे दिवस जवळ आले कीं, अशा लेखांना भरतें येतें. अमुक युक्ति योजावी आणि निम्म्या भाड्यांत प्रवास करावा, तिकीटखिडकीवर जें कोणी सांगत नाहीं तें येथें वाचावें, अशा धाटणीचे मथळे जिकडे तिकडे दिसूं लागतात. चार माणसांच्या कुटुंबाला मुंबईहून नागपूरला किंवा पुण्याहून दिल्लीला जाऊन यावयाचें, तर भाड्याचा आंकडा लहान नसतो. तेव्हां असा मथळा दिसतांच गृहिणीनें तो मजकूर जपून ठेवावा, हें स्वाभाविकच आहे. काटकसर हा सद्गुणच होय. प्रश्न एवढाच आहे कीं, या सल्ल्यांनीं खरोखरीची काटकसर होते, कीं तिचा नुसता भास होतो?

हे सारे सल्ले निखालस खोटे असतात, असें मुळींच नाहीं. त्यांतले पुष्कळसे कोठें तरी, केव्हां तरी, कोणाला तरी उपयोगी पडलेले असतात. दोष आहे तो वेगळाच. तिकीट म्हणजे नुसती किंमत नव्हे. तो प्रवासी आणि रेल्वे यांच्यामधला एक करार आहे. कोणत्या गाडीनें, कोणत्या वर्गानें, कोणत्या दिवशीं जावयाचें. निजावयास जागा मिळणार कीं नाहीं. बेत बदलला तर किती पैसे परत येणार. या साऱ्या अटी त्या एका तिकिटाच्या पोटांत असतात. मथळा किंमत तेवढी सांगतो आणि अटी गाळतो. अर्धें वाक्य ऐकून जो घराबाहेर पडतो, त्याला उरलेलें अर्धें वाक्य स्टेशनावर ऐकावें लागतें. आणि तेथें तें पुष्कळदां महाग पडतें.

प्रथम, प्रवासाचे तुकडे पाडण्याचा जो सल्ला वारंवार ऐकूं येतो, तो घेऊं. दूरच्या गांवाचें एक तिकीट काढण्याऐवजीं मधल्या स्टेशनापर्यंत एक आणि तेथून पुढें दुसरें, अशीं दोन तिकिटें काढावीं, म्हणजे पैसे वांचतात, असें सांगण्यांत येतें. हा सल्ला ब्रिटनमध्यें फार प्रसिद्ध आहे, आणि तेथें तो पुष्कळ अंशीं खराहि आहे. १९९३ च्या कायद्यानें ब्रिटिश रेल्वेचें विभाजन झालें आणि निरनिराळ्या कंपन्या गाड्या चालवूं लागल्या. तेथें भाडें केवळ अंतरावरून ठरत नाहीं; स्टेशनांच्या जोडीजोडीचें भाडें स्वतंत्रपणें ठरत आलेलें आहे. शिवाय गर्दीच्या वेळेचें तिकीट निराळें, बिनगर्दीच्या वेळेचें निराळें, आगाऊ काढलेलें आणखी निराळें. अशा व्यवस्थेंत संपूर्ण अंतराचें भाडें आणि तुकड्यांच्या भाड्याची बेरीज यांचा मेळ बसेलच असें नाहीं. म्हणून लंडन ते ब्रिस्टल या एका तिकिटापेक्षां लंडन ते डिडकॉट आणि डिडकॉट ते ब्रिस्टल अशीं दोन तिकिटें मिळून स्वस्त पडल्याचीं उदाहरणें तेथें सर्वांच्या परिचयाचीं आहेत.

परंतु तेथेंहि अट आहेच. प्रवाशाला डिडकॉटला उतरावें लागत नाहीं, हें खरें. पण त्याची गाडी डिडकॉटला थांबणारी असली पाहिजे. न थांबतां पुढें जाणाऱ्या गाडींत तो बसला, तर तीं दोन तिकिटें मिळून त्याचा प्रवास नियमांत बसत नाहीं. त्याचप्रमाणें आगाऊ काढलेलें जें अतिस्वस्त तिकीट असतें, तें त्या एकाच गाडीला बांधलेलें असतें; प्रवाशाच्या दिरंगाईनें गाडी चुकली कीं तें निरुपयोगी झालें, आणि पैसेहि सामान्यतः परत मिळत नाहींत. बचतीचे जे भले मोठे आंकडे छापून येतात, त्यांत बहुधा याच बांधलेल्या तिकिटाची तुलना केव्हांहि चालणाऱ्या अतिमहाग तिकिटाशीं केलेली असते. जें महाग तिकीट त्या प्रवाशानें एरव्हीं कधींच काढलें नसतें, त्याच्याशीं तुलना करून दाखविलेली बचत ही कागदावरची बचत होय.

आतां हाच सल्ला भारतीय रेल्वेला लावला तर काय होतें, तें पाहूं. येथील भाड्याची पद्धति मुळांतच निराळी आहे. नेहमींच्या मेल व एक्स्प्रेस गाड्यांचें भाडें अंतराच्या कोष्टकावरून ठरतें, आणि त्या कोष्टकाचें तत्त्व असें कीं, प्रवास जितका लांबचा तितका दर किलोमीटरचा आकार कमी. रेल्वेच्या परिभाषेंत याला टेलिस्कोपिक पद्धति म्हणतात. दुर्बिणीच्या नळ्या जशा एकींत एक सरकतात, तसें पुढचें अंतर मागच्या अंतरांत सामावत स्वस्त होत जातें. लांबच्या प्रवाशाला सवलत देणारी ही रचना आहे. प्रवासाचे दोन तुकडे केले कीं, प्रवासी ती सवलत आपल्या हातानें टाकून देतो. कारण दोन्ही वेळां त्याला आरंभीच्या, म्हणजे महागड्या, दरापासून सुरुवात करावी लागते.

याशिवाय वरकड आकार आहेतच. २०१३ सालीं ठरलेल्या दराप्रमाणें स्लीपर वर्गाच्या प्रत्येक तिकिटावर आरक्षणाचे २० रुपये आणि गाडी सुपरफास्ट असल्यास ३० रुपये अधिक पडतात. वातानुकूलित तीन शय्यांच्या वर्गास हेच आंकडे ४० आणि ४५ रुपये असे आहेत. मुंबई ते नागपूर या मार्गावर भुसावळ जवळजवळ मध्यावर आहे. तेथें प्रवासाचे तुकडे केले, तर स्लीपरच्या एका प्रवाशामागें हे ५० रुपये दुसऱ्यांदा द्यावे लागतात. चार माणसांचे जातांना २०० आणि येतांना २००, असे ४०० रुपये केवळ युक्ति केल्याबद्दल गेले. मूळ भाड्यांतली वाढ निराळीच. त्यांतहि दुसरा एक नियम असा कीं, स्लीपरला किमान २०० किलोमीटरचें आणि वातानुकूलित तीन शय्यांच्या वर्गास किमान ३०० किलोमीटरचें भाडें आकारण्यांत येतें. मुंबईहून नाशिकरोडचें अंतर २०० किलोमीटरच्या आंत आहे. तेथें तुकडा पाडणारा प्रवासी न केलेल्या प्रवासाचेहि पैसे भरतो.

पैशांचें एक बाजूला राहूं द्या. दोन तिकिटांवर दोन निराळ्या शय्या मिळण्याचाच संभव अधिक. अपरात्रीं भुसावळ आलें कीं, झोपलेल्या मुलांना उठवावयाचें, वळकट्या बांधावयाच्या आणि दुसऱ्या डब्यांत जागा शोधीत जावयाचें. आणि दुसरें तिकीट प्रतीक्षायादींतच राहिलें असेल तर पुढची रात्र कशी काढावयाची, हा प्रश्न वेगळाच. सरळ तिकिटाची जागा उरली नसल्यानें नाइलाजास्तव तुकडे करणें ही गोष्ट निराळी. तेथें प्रवासी जागेसाठीं जास्त पैसे देतो आणि तें जाणून देतो. स्वस्ताईसाठीं तुकडे करणें हा मात्र परक्या देशाचें कोष्टक आपल्या गाडीला लावण्याचा प्रकार होय.

दुसऱ्या प्रकारचे सल्ले असतात ते वेळेविषयीं. तिकीट आठवड्याच्या अमुक वारीं काढावें, मध्यरात्रीं काढावें, संगणकावरील मागच्या शोधांची नोंद पुसून मग काढावें, असें सांगणारे लेख निघतात. विमानाच्या तिकिटांसंबंधीं प्रचलित असलेल्या या समजुती आहेत. नेहमींच्या मेल-एक्स्प्रेस गाडींत सर्वसाधारण कोट्याचें तिकीट पहिल्या दिवशीं काढलें काय आणि शेवटच्या दिवशीं काढलें काय, भाडें तेंच राहतें. वारानें तें बदलत नाहीं आणि पाहणाऱ्याच्या संगणकालाहि तें ओळखत नाहीं. मग लवकर तिकीट काढण्यांत फायदा कोणता? फायदा आहे तो जागेचा. जागा मिळाली नाहीं तर शेवटीं तत्काळ तिकिटाकडे वळावें लागतें. २०२५ पर्यंतच्या दरानें स्लीपरला दर माणशीं १०० ते २०० रुपये आणि वातानुकूलित तीन शय्यांच्या वर्गास ३०० ते ४०० रुपये त्यापायीं अधिक पडत; आणि निश्चित झालेलें तत्काळ तिकीट प्रवाशानें रद्द केल्यास परतावा नसे. तेव्हां लवकर काढलेलें तिकीट स्वस्त नसतें. तें महाग तिकिटाची पाळी येऊं देत नाहीं, एवढेंच. हा भेद सूक्ष्म वाटला तरी महत्त्वाचा आहे.

राजधानी, शताब्दी आणि दुरंतो या गाड्यांची गोष्ट मात्र निराळी. ९ सप्टेंबर २०१६ पासून या गाड्यांना चढत्या भाड्याची पद्धति लागू झाली. शेंकडा १० जागा विकल्या गेल्या कीं मूळ भाडें शेंकडा १० नें चढावयाचें, अशी ती पायरी-पायरीची रचना आहे. आरंभीं कांहीं वर्गांत हें भाडें मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत जात असे. पुढें ती मर्यादा १.४ पटीवर आणण्यांत आली आणि कांहीं गाड्या या पद्धतींतून वगळण्यांतहि आल्या. ज्या गाडींत ही पद्धति आहे, तेथें २००० रुपयांच्या मूळ भाड्याचे २८०० होऊं शकतात. येथें लवकर तिकीट काढणाराचे पैसे खरोखरच वांचतात. म्हणजे एकच सल्ला एका गाडीला लागू पडतो आणि शेजारच्या फलाटावरच्या दुसऱ्या गाडीला पडत नाहीं. लेखांत गाडीचें नांव नसेल, तर त्या सल्ल्याचा अर्थच लागत नाहीं.

याच्या अगदीं उलट सल्लाहि छापून येतो. शेवटपर्यंत थांबावें, म्हणजे सूट मिळते, असें तो सांगतो. त्यालाहि एक आधार आहे. १ जानेवारी २०१७ पासून, पहिली यादी तयार झाल्यावर ज्या जागा रिकाम्या राहतील, त्यांच्या मूळ भाड्यांत शेंकडा १० सूट देण्याचा निर्णय रेल्वेनें केला. परंतु ‘ज्या जागा रिकाम्या राहतील’ हे शब्द त्या वाक्याचा प्राण आहेत. गणेशोत्सवांत कोंकणांत जाणाऱ्या गाड्यांच्या जागा आरक्षण सुरू होतांच पाहतां पाहतां संपतात. दिवाळींत उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांची स्थितिहि तीच. अशा वेळीं सुटीच्या आशेनें थांबणारा मनुष्य दहावा हिस्सा मिळवावयास जातो आणि सबंध जागा घालवून बसतो. सुटीचा तो नियम रिकाम्या गाडीसाठीं आहे; सल्ला मात्र दिला जातो तो भरलेल्या गाडीच्या हंगामांत.

येथवर अर्धवट सल्ल्यांचा विचार झाला. याहून अधिक त्रास देतात त्या शिळ्या आणि चुकीच्या वार्ता. नियम बदलतो; पण जुना लेख तसाच फिरत राहतो. पूर्वीं १२० दिवस आधीं जागा राखून ठेवतां येत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. तरीहि चार महिने आधीं तिकीट काढण्याचा जुना सल्ला ज्याच्या हातीं पडतो, त्याचा सगळा बेत पहिल्याच पावलाला अडखळतो.

ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीची कथा याहून खेदकारक आहे. ६० वर्षें पूर्ण झालेल्या पुरुषांस मूळ भाड्यांत शेंकडा ४० आणि ५८ वर्षें पूर्ण झालेल्या स्त्रियांस शेंकडा ५० सूट मिळत असे. करोनाच्या सांथीच्या आरंभीं, २० मार्च २०२० रोजीं, ही सवलत थांबविण्यांत आली. दिव्यांगांचे कांहीं वर्ग, कांहीं विशिष्ट रोगांचे रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या सवलती तेवढ्या चालू राहिल्या. ज्येष्ठांची सवलत २०२५ पर्यंत पुन्हां सुरू झालेली नव्हती. असें असतां ती अमुक तारखेपासून पुन्हां मिळणार, अशा वार्ता वरचेवर उठत राहिल्या. २०२२ सालीं १ जुलैपासून ती सुरू होणार, असें वृत्त पसरलें. तें खोटें असल्याचा खुलासा सरकारी वृत्तविभागाला करावा लागला.

अशा वार्तेनें कोणाचें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. बिघडतें तें असें. निवृत्तिवेतनावर राहणारें एखादें वृद्ध दांपत्य काशीयात्रेचा किंवा दूर असलेल्या लेकीकडे जाण्याचा बेत करतें. अर्ध्या भाड्याच्या हिशेबानें पैसे बाजूला काढतें, लेकीला पत्र जातें, धर्मशाळेंत जागा सांगितली जाते. मग तिकीटखिडकीवर कळतें कीं, सवलत नाहीं. भाडें त्या दिवशीं वाढलेलें नसतें. तें आधींपासून तेवढेंच होतें. पण बेत मोडतो, किंवा परतीच्या प्रवासासाठीं ठेवलेले पैसे जातांनाच संपतात. खिडकीवरच्या नोकराशीं हुज्जत होते ती वेगळीच. आणि त्या बिचाऱ्याचा त्यांत कांहीं अपराध नसतो. वार्ता छापणारा या प्रसंगीं तेथें हजर नसतो.

मुलांच्या तिकिटाचें उदाहरण तर या विषयांत नमुन्यादाखल सांगण्यासारखें आहे. ऑगस्ट २०२२ मध्यें अनेक वृत्तसंस्थांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, १ ते ४ वर्षांच्या मुलांनाहि आतां पूर्ण तिकीट लागणार. घरोघर त्याची चर्चा झाली. रेल्वे मंत्रालयानें तत्काळ खुलासा केला कीं, नियमांत कसलाहि बदल झालेला नाहीं आणि तीं वृत्तें दिशाभूल करणारीं आहेत. वस्तुस्थिति अशी होती. ५ वर्षांखालील मूल स्वतंत्र शय्या न घेतां विनामूल्य प्रवास करूं शकतें. आईबापांना त्याच्यासाठीं स्वतंत्र शय्या हवी असेल, तर मात्र ती पूर्ण भाडें भरून घेतां येते. म्हणजे जी गोष्ट ऐच्छिक होती, ती वृत्तांत सक्तीची झाली. ‘हवी असल्यास’ हे दोन शब्द गळले, आणि एका सोयीचा जुलूम झाला. ज्यांनीं तें वृत्त वाचलें आणि खुलासा वाचला नाहीं, त्यांनीं तीन वर्षांच्या मुलाचें पूर्ण तिकीट काढलें असल्यास नवल नाहीं.

उलट बाजूनेंहि हीच गफलत होते. ५ वर्षांपुढील आणि १२ वर्षांखालील मुलास अर्धें तिकीट पुरतें, असा सल्ला आजहि दिला जातो. २१ एप्रिल २०१६ पासून या नियमाला महत्त्वाची अट जोडलेली आहे. स्लीपरसारख्या डब्यांत अर्ध्या तिकिटावर मुलाला स्वतंत्र शय्या मिळत नाहीं; शय्या हवी तर भाडें पूर्ण. दिवसाच्या चार-पांच तासांच्या प्रवासाला अर्धें तिकीट उत्तम आहे. परंतु रात्रभराच्या प्रवासांत दहा वर्षांचा मुलगा आणि त्याची आई यांनीं एका अरुंद शय्येवर रात्र काढावयाची, हें आधीं माहीत असलें पाहिजे. माहीत असून केलें तर ती काटकसर. गाडींत चढल्यावर कळलें तर ती फसगत.

मग असे सल्ले निघतात तरी कां? लिहिणाऱ्याच्या मनांत कपट असतें, असें मानण्याचें कारण नाहीं. मथळ्याला जागा थोडी आणि घाई फार. ‘किमान’, ‘कमाल’, ‘असल्यास’, ‘पर्यंत’ हे शब्द लहान दिसतात आणि आधीं त्यांच्यावरच कात्री चालते. शेंकडा ५० पर्यंत बचत असें म्हटलें, तर त्यांत एक टक्काहि बसतो आणि शून्यहि बसतें. पण वाचणाराच्या ध्यानांत पन्नासच राहतात. शिवाय एकानें लिहिलेलें दुसरा उचलतो, दुसऱ्याचें तिसरा. आणि या हातोहात होणाऱ्या प्रवासांत मूळ परिपत्रकाची तारीख कोठें तरी गळून पडते.

सुजाण कुटुंबानें अशा वेळीं चार प्रश्न विचारावे. हा सल्ला कोणत्या रेल्वेचा आणि कोणत्या गाडीचा? कोणत्या सालचा? बचत कशाच्या तुलनेंत सांगितली आहे; ज्या तिकिटाशीं तुलना केली, तें आपण एरव्हीं काढलें असतें काय? आणि चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: या स्वस्ताईच्या मोबदल्यांत कोणता हक्क सोडावा लागतो? निजण्याची जागा, गाडी बदलण्याची मोकळीक, कीं पैसे परत मिळण्याची शक्यता? चारहि प्रश्नांचीं उत्तरें लेखांत नसतील, तर रेल्वेच्या चौकशीखिडकीवर किंवा तिच्या अधिकृत नियमपत्रकांत तीं पाहावीं. त्याला पांच मिनिटें लागतात.

खऱ्या बचतीचे मार्ग आहेत. ते साधे आहेत, म्हणूनच त्यांचा मथळा होत नाहीं. बेत वेळेवर ठरवून आरक्षण उघडतांच तिकीट काढावें, म्हणजे तत्काळचा भुर्दंड टळतो. घाई नसेल तर सुपरफास्टऐवजीं साध्या मेल-एक्स्प्रेसनें जावें, म्हणजे तो अधिभार वांचतो. घरांत विद्यार्थी, दिव्यांग व्यक्ति किंवा सवलतीस पात्र असा रुग्ण असेल, तर कागदपत्रें नीट करून ती सवलत मागून घ्यावी. ती भीक नव्हे. लांबचें तिकीट सरळ काढावें आणि मुलाच्या शय्येचा विचार प्रवासाची वेळ पाहून करावा. यांतून भाडें निम्म्यावर येणार नाहीं. परंतु जें वांचेल तें खरोखर हातांत राहील, आणि रात्रीच्या गाडींत मुलें आपापल्या जागीं झोपलेलीं असतील.